दुपारी दोनच्या आत

स्पेनमधलं घड्याळ खोटं बोलतं, आणि गेली ऐंशीहून जास्त वर्षं बोलतंय. ग्रीनिचचं रेखावृत्त या देशाच्या अंगावरून जातं. आमच्या व्हॅलेन्सियापासून ते इतकं जवळ आहे, की सकाळी गाडी काढली तर ते ओलांडून जेवायच्या आत घरी परत येता येईल. म्हणजे सरळ हिशेबाने इथे लंडनची वेळ हवी. पण १९४० साली हुकूमशहा फ्रँकोने देशातली सगळी घड्याळं एक तास पुढे नेऊन हिटलरच्या बर्लिनशी जुळवली. हिटलर गेला, १९७५ साली फ्रँकोही गेला, तो तास मात्र परत आला नाही. २०१३ साली संसदेच्या एका समितीने तो परत करावा असं सुचवलं. सूचना सगळ्यांना आवडली आणि बहुधा म्हणूनच तिचं पुढे काही झालं नाही.

उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे जातं. त्यामुळे जुलैत सूर्य डोक्यावर येतो तेव्हा इथे दुपारचे दोन वाजलेले असतात, आणि नेमका त्याच वेळी स्पॅनिश माणूस जेवायला बसतो. उशिरा जेवणारा म्हणून जगभर त्याची बदनामी झालीय. वास्तविक तो सूर्याशी अगदी प्रामाणिक आहे. हे सगळं मी सासूबाईंना फोनवर समजावून सांगते. त्या दर वेळी शांतपणे ऐकून घेतात आणि विचारतात, "ते सूर्याचं झालं गं, पण तोवर माणसं उपाशी राहतात का?"

राहत नाहीत. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास व्हॅलेन्सियात 'एस्मोर्झारेत' नावाचा एक विधी असतो. हा नाश्ता नव्हे, कारण नाश्ता आधी घरी उरकलेला असतो. हे जेवणही नव्हे, कारण ते दोनला व्हायचंय. हातभर लांब पाव, त्यात सॉसेज, कांदा, तळलेल्या मिरच्या, अंडी, जे मावेल ते. न मागताच समोर येणारे भुईमुगाचे दाणे आणि ऑलिव्ह. बरोबर बिअर, किंवा वाइनमध्ये गोड सोडा. शेवटी 'क्रेमाएत': साखर, दालचिनी, लिंबाची साल आणि कॉफीच्या बिया घातलेली रम पेटवून द्यायची, ती जरा जळली की वर कॉफी ओतायची. हे सगळं झाल्यावर गवंडी परत परांचीवर चढतो. मी त्या वेळी इमारतीखालून जात नाही.

मी शाकाहारी आहे असं बारमध्ये सांगितलं तेव्हा मालकाने आपुलकीने मान हलवली आणि ट्यूना मासा घातलेला पाव आणून ठेवला. मासा इथे भाजीत मोडतो. माझ्या मालवणच्या आजोळाला हे ऐकून गहिवरून आलं असतं. मी बटाट्याचं ऑम्लेट घातलेल्या पावावर तडजोड केली. त्यात कांदा असावा की नसावा यावर या देशाची उभी फाळणी झालेली आहे, हे कळेपर्यंत दोन टेबलं माझ्यावरून भांडायला लागली होती.

इथे राहून माझं एक ठाम मत झालंय. या गावाचं राजकारण समजून घ्यायचं असेल तर पक्षांचे जाहीरनामे वाचू नयेत, जेवणाच्या वेळा पाठ कराव्यात. साडेदहाच्या त्या पावावर नगरपालिकेविरुद्ध रोज अविश्वासाचा ठराव मंजूर होतो. सायकलमार्ग, कचऱ्याचा कर, पर्यटकांना भाड्याने दिलेली घरं, सगळ्यांचा निकाल लागतो. अकराला लोक कामाला जातात आणि सरकार तरतं.

पण लोकशाहीचं खरं शिक्षण मला आमच्या जिन्यात मिळालं. आमची इमारत साठच्या दशकातली. पाच मजले, लिफ्ट नाही. घर विकत घेतल्यावर टपालपेटीत पहिला कागद आला तो मालकांच्या सभेचा. 'पहिली बैठक: सायंकाळी सात. दुसरी बैठक: सायंकाळी साडेसात. ठिकाण: प्रवेशद्वाराचा जिना.' माझे वडील डोंबिवलीला सोसायटीचे सेक्रेटरी होते. 'गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल व तीस गणसंख्येचे बंधन राहणार नाही' हे वाक्य मी बडबडगीतांच्याही आधी ऐकलं असणार. तेच वाक्य स्पेनच्या कायद्यात निघालं. सात हजार किलोमीटर लांब आले, आणि बाबांचं नोटीसबोर्ड इथेही पुढे येऊन उभं!

सातला कोणी येत नाही. सातला येणारा माणूस नवखा तरी असतो किंवा जर्मन तरी. साडेसातला दारं उघडायला लागतात, आणि पावणेआठला इमारत जिन्यात उतरते. तळमजल्याचा न्हावी दुकानातून स्वतःची खुर्ची आणतो. बाकीचे पायऱ्यांवर, आणि तेही साधारण आपापल्या मजल्याच्या क्रमाने. हिशेब ठेवायला नेमलेला व्यवस्थापक भिंतीला टेकून उभा राहतो. तो पगारी आहे, त्यामुळे सगळे त्याच्यावर मनसोक्त ओरडू शकतात.

जिन्यातल्या दिव्याला आपोआप विझण्याची सोय आहे. मिनिटभराने अंधार होतो. मग बटणाजवळचा माणूस बटण दाबतो. आमच्या सभेत खरी सत्ता त्या माणसाच्या हातात असते. एखाद्याचं भाषण त्याला पटत नसलं, की त्याला बटण सापडायला वेळ लागतो.

पहिला विषय जमाखर्च. त्यावर कोणी बोललं नाही, कारण तो कोणी वाचला नव्हता. दुसरा विषय लिफ्ट. व्यवस्थापकाने खर्च सांगितला आणि 'देर्रामा' हा शब्द उच्चारला. देर्रामा म्हणजे नेहमीच्या वर्गणीशिवाय प्रत्येकाच्या बोकांडी बसणारी जादा वर्गणी. हा शब्द ऐकून स्पॅनिश माणसाचा चेहरा जसा होतो, तसा मी त्याचा इतर कुठल्याच प्रसंगी पाहिलेला नाही, फुटबॉलसुद्धा धरून.

न्हावी उठला. "मी काय दुकानात लिफ्टने जाणार आहे? मी तळमजल्यावर आहे. मी पैसे देणार नाही."

व्यवस्थापकाने कायदा सांगितला: इमारतीच्या नियमावलीत सूट लिहिलेली नसेल तर तळमजल्यालाही द्यावे लागतात. डोंबिवलीत याच मुद्द्यावर तळमजल्याचे गोखले आणि आमचे बाबा यांचं बोलणं बंद झालं होतं, ते गोखल्यांच्या मुलीच्या लग्नापर्यंत. इथे बोलणं बंद होत नाही. उलट सगळे एकदम बोलायला लागतात. एकाच वेळी सहा माणसं बोलतात, सहाही ऐकतात आणि सहाही उत्तरं देतात. कोणी मध्ये बोललं म्हणून कोणाला राग येत नाही. राग येतो तो कोणी गप्प बसलं तर. मी गप्प होते. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, "तुमची तब्येत बरी नाही का?"

या बाईंची स्वतःची एक कायमची तक्रार आहे. इमारतीच्या मधोमध उजेडासाठी एक चौक सोडलेला आहे. त्यात सगळ्यांच्या दोऱ्या, दोऱ्यांवर सगळ्यांचे कपडे, आणि चौकाचा तळ बाईंच्या स्वयंपाकघराबाहेर. वरून जे जे निसटतं ते बाईंकडे येतं. त्यामुळे इमारतीत कोण कसल्या चड्ड्या घालतं याची बिनचूक माहिती त्यांच्याजवळ आहे, आणि सभेत त्यांचं म्हणणं सहसा कोणी खोडून काढत नाही.

लिफ्टचा निकाल तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी लावला. आजी ब्याऐंशीच्या. त्या न्हाव्याला म्हणाल्या, "मी दर शुक्रवारी तुझ्याकडे केस बसवायला येते. तीन मजले उतरते, तीन मजले चढते. उद्यापासून पलीकडच्या चौकातल्या बाईकडे जाईन. तिच्या इमारतीला लिफ्ट नाही, पण तिथे मला चढायचंच नाहीये." दिवा गेला. अंधारात न्हाव्याचा आवाज आला, "हप्ते चालतील का?"

मग आला अध्यक्ष निवडण्याचा विषय, आणि जिन्यात पहिल्यांदाच शांतता पसरली. आपल्याकडे सोसायटीचा चेअरमन होण्यासाठी लोक पॅनेल उभी करतात, उपनिबंधकांकडे तक्रारी करतात, कोर्टात जातात. इथेही लोक कोर्टात जातात, पण अध्यक्ष न होण्यासाठी. स्पेनच्या १९६० सालच्या इमारत-मालकीच्या कायद्यात आजही लिहिलेलं आहे, की अध्यक्ष मालकांपैकीच कोणीतरी व्हायचा, निवडून, पाळीने किंवा चिठ्ठी टाकून, आणि नेमणूक बंधनकारक राहील. नकोच असेल तर महिन्याच्या आत न्यायाधीशाकडे जाऊन सुटका मागावी. कायदा करणाऱ्यांना आपली माणसं किती बरोबर ओळखता आली होती!

प्रत्येकाने आपापली सबब मांडली. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त टपाल कर्मचारी म्हणाले, मी फ्रँकोच्या काळात एकदा झालोय. पाचव्या मजल्यावरच्या जोडप्याने बाळ पुढे केलं. मग सगळ्या नजरा चौथ्या मजल्यावर, म्हणजे आमच्यावर. नवऱ्याने घाईघाईने भाषा येत नसल्याचं सांगितलं, पण ते त्याने इतक्या व्याकरणशुद्ध स्पॅनिशमध्ये सांगितलं, की कोणाचाच विश्वास बसला नाही. शेवटी पाळी ठरली. यंदा तिसरा मजला, पुढच्या वर्षी चौथा. आजींनी अध्यक्षपद घेतलं आणि पहिल्याच मिनिटात उरलेले विषय पुढच्या सभेवर ढकलले, कारण साडेनऊ वाजले होते आणि भूक लागली होती.

बाहेर पडून सगळे कोपऱ्यावरच्या बारमध्ये गेले. अर्ध्या तासापूर्वी ज्याला चोर म्हटलं त्या व्यवस्थापकाच्या ग्लासात न्हावी स्वतः वाइन ओतत होता. डोंबिवलीतल्या गोखल्यांची मला फार आठवण झाली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक 'कासाल' आहे, म्हणजे फायास उत्सवाच्या मंडळाचं कार्यालय. शहरात अशी साडेतीनशेहून जास्त मंडळं आहेत. वर्षभर वर्गणी, बैठका, जेवणं. मार्चमध्ये प्रत्येक मंडळ आपल्या चौकात लाकूड, पुठ्ठा, थर्माकोलचा प्रचंड देखावा उभारतं, आणि १९ मार्चच्या रात्री तो जाळून टाकतं. देखाव्यातल्या बाहुल्यांना 'निनोत' म्हणतात. निनोत बहुतेक करून राजकारण्यांचे. पंतप्रधान, महापौर, परदेशी अध्यक्ष, कोणी सुटत नाही. राजकारणीही रागावत नाहीत. ज्याचा पुतळा एकाही चौकात नसेल त्याने खरी काळजी करावी. दरवर्षी लोकांच्या मतांनी एका मोठ्या निनोताला जीवदान मिळतं आणि तो संग्रहालयात जातो. त्यात राजकारणी सहसा नसतो. आजी-नातवंडं वगैरे वाचतात.

१ मार्चपासून रोज दुपारी बरोबर दोन वाजता पालिकेसमोरच्या चौकात 'मास्क्लेता' होते. म्हणजे भर उन्हात फटाके. दिसण्यासारखं काही नसतं, फक्त आवाज. पाच-सात मिनिटं आवाज चढत जातो. शेवटी तो कानांनी ऐकू येत नाही, बरगड्यांना कळतो. हजारो माणसं ते ऐकायला कामावरून येतात. महापौर पालिकेच्या सज्जात उभ्या असतात, पण सुरुवात करण्याचा हुकूम त्यांचा नसतो. तो असतो त्या वर्षीच्या उत्सवाच्या राणीचा. रेशमी घेरदार पोशाख, कानांवर वेण्यांची चक्रं, आणि 'दारूकामवाले, सुरू करा' हे एक वाक्य. निवडून आलेल्या महापौर शेजारी उभ्या राहून टाळ्या वाजवतात. धूर विरला की सगळं शहर जेवायला जातं. दोनची वेळ कोणी ठरवली ते आता तुम्हाला सांगायला नको.

या उत्सवाचा पैसा कुठून येतो, तर नाताळच्या लॉटरीतून बराच. २२ डिसेंबरला ती फुटते. मंडळ, बार, ऑफिस, शाळा, प्रत्येक जण आपापल्या आकड्याचं तिकीट खपवतो आणि वर थोडी रक्कम मंडळासाठी कापून घेतो. नाही म्हणता येत नाही. आपल्याला लागेल या आशेने कोणी घेत नाही. शेजाऱ्याला लागेल आणि आपण राहून जाऊ या धाकाने सगळे घेतात. धाक खोटाही नाही. २०११ साली हुएस्का प्रांतातल्या सोदेतो या चिमुकल्या गावाला पहिलं बक्षीस लागलं, आणि तिकीट नसलेला गावात एकच माणूस निघाला. तो परदेशी होता, ग्रीक चित्रपट-दिग्दर्शक. तिकिटं विकणाऱ्या बायका त्याच्या दारी जायच्या राहून गेल्या होत्या. ही गोष्ट वाचल्यापासून नवरा डिसेंबरात दार उघडं ठेवतो.

परदेशी माणसाची इथली आणखी एक गंमत मतदानाची आहे. पालिकेत नाव नोंदवणं सगळ्यांनाच सक्तीचं. पण पालिकेला मत द्यायचं, तर तुम्ही युरोपीय संघाचे नागरिक हवेत, किंवा तुमच्या देशाचा स्पेनशी तसा करार हवा. न्यूझीलंडचा आहे, बोलिव्हियाचा आहे, केप व्हर्देचा आहे. भारताचा नाही. आमच्या ओळखीत मडगावचा एक मित्र आहे. त्याच्या आजोबांचा जन्म पोर्तुगीज अमलातला, म्हणून त्याच्या खिशात पोर्तुगीज पासपोर्ट. तो सरळ युरोपीय ठरतो आणि व्हॅलेन्सियाच्या पालिकेसाठी ऐटीत मत देतो. हवं तर नगरसेवकपदाला उभाही राहू शकतो. पोर्तुगालचा हुकूमशहा साळाझार याने जाता जाता आमच्यापैकी कोणाचं तरी भलं केलं म्हणायचं. मत कोणाला दिलंस असं विचारलं की तो गोव्याचा माणूस शोभावा असं उत्तर देतो: "जो निवडून येईल त्याला."

निवडून कोण येतं? रीता बार्बेरा या उजव्या पक्षाच्या बाई १९९१ पासून सलग २४ वर्षं महापौर होत्या. २०१५ साली डाव्यांचे जोआन रिबो आले, ते सायकलवरून पालिकेत यायचे. त्यांनी सायकलमार्ग आखले आणि मोटारवाल्यांचे शिव्याशाप घेतले. २०२३ साली पुन्हा उजव्यांच्या मारिया होसे कताला आल्या. तेहतीस नगरसेवकांच्या सभागृहात त्यांचे तेरा निवडून आले, त्यामुळे चार जागा मिळालेल्या कडव्या उजव्या पक्षाला बरोबर घ्यावं लागलं. मतभेद पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यांत आवडलेला शहराच्या नावाचा. स्थानिक भाषेत ते लिहिताना मधल्या 'ए'वर एक तिरकी रेघ येते. डाव्यांनी ती डावीकडे झुकलेली ठेवून नाव अधिकृत केलं. उजव्यांना ती उजवीकडे झुकलेली हवी आहे. यात मी माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

या सगळ्या गोंगाटातून सुटका हवी असेल तर गुरुवारी बाराच्या आत कॅथेड्रलच्या दाराशी जावं. तिथे पाण्याचं न्यायालय भरतं. तुरिया नदीतून निघणारे आठ कालवे, प्रत्येक कालव्याच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेला एकेक प्रतिनिधी, काळा सैलसर सदरा, गोलाकार मांडलेल्या खुर्च्या. मुळं थेट अरबांच्या अमदानीपर्यंत जातात. वकील नाही, कागद नाही, अपील नाही. बाराचे टोल पडले, की शिपाई एकेका कालव्याचं नाव पुकारतो: अमुक कालव्यावरचे आरोपी! कोणी पुढे येत नाही. दुसरा कालवा. कोणी नाही. त्यातला एक मेस्ताया. फुटबॉलचं मैदान त्याच्याच नावाचं आहे. आठही नावं होतात, पंच उठतात, कामकाज संपतं. खुर्च्या आत गेल्या, तरी पर्यटक अजून सुरुवातीची वाट बघत उभे असतात.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका अमेरिकन गृहस्थांना हे नाटक वाटलं. मला नाही वाटलं. पाळी कोणाची, रात्री कोणी दार फोडलं, टोकाच्या शेताला पाणी पोचलं का, यावर आपल्याकडे डोकी फुटतात. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत हेच निवाडे गावकरी आपसात करत आले. शंभर आठवडे कोणी आरोपी पुढे येत नाही, कारण एकशे एकाव्या आठवड्याला तो आला तर सगळ्या गावासमोर, चौकात, उभा राहणार हे त्याला ठाऊक असतं. हे न्यायालय बाराला भरतं आणि दोनच्या कितीतरी आधी उठतं, हा भाग तर आहेच.

तुरिया नदी मात्र आता शहरात नाही. १९५७ च्या ऑक्टोबरात तिने शहर बुडवलं, तेव्हा फ्रँकोच्या सरकारने तिला शहराच्या दक्षिणेला नवं पात्र खोदून दिलं. रिकाम्या पात्रात मोठा रस्ता घालायचा बेत होता. लोकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला आणि बाग करून घेतली. आज पुलांखालून पाण्याऐवजी धावणारी माणसं वाहतात. मी रोज तिथे चालायला जाते.

२०२४ साली २९ ऑक्टोबरला पाणी पुन्हा आलं. हवामानखात्याने सकाळीच लाल इशारा दिला होता. नव्या पात्राच्या अलीकडे आमचं शहर बहुतांशी कोरडं राहिलं. पलीकडची पायपोर्ता, कातारोखा, आल्फाफार ही गावं चिखलात गेली. लोकांच्या मोबाइलवर धोक्याची सूचना आली ती रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी. तोवर कित्येक जण तळघरात गाडी काढायला उतरले होते. सव्वादोनशेहून जास्त माणसं गेली. आणि मग कळलं, की प्रादेशिक सरकारचे अध्यक्ष कार्लोस माझोन त्या दुपारी एका पत्रकाराबरोबर जेवत होते, आणि ते जेवण संध्याकाळपर्यंत चाललं होतं. ते टेबलावरून किती वाजता उठले, या प्रश्नाची उत्तरं पुढे कितीदा तरी बदलली.

लांबलेल्या जेवणाबद्दल इथे कोणी कोणाला जाब विचारत नाही. जेवण झाल्यावर तास-दोन तास टेबलापाशी बसून राहणं हा जवळपास मूलभूत हक्क आहे. तो हक्क ज्यांनी जन्मभर वापरला, तीच माणसं रस्त्यावर उतरून राजीनामा मागत होती. आमच्या आजी साध्या भाषेत म्हणाल्या, "जेवायला माझी हरकत नाही. फोन टेबलावर ठेवायचा होता." राजीनामा जाहीर व्हायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला.

पुरानंतरच्या दिवसांत शहरातली माणसं खराटे, फावडी, बादल्या घेऊन पादचारी पुलावरून पलीकडे चालत गेली. हजारो होती, आणि त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. न्हाव्याने दुकान बंद ठेवलं. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी चौकात साठलेले, मालकांनी कधीच न मागितलेले सगळे कपडे धुऊन गाठोडं बांधून दिलं. आजींनी मला त्यांचा खराटा दिला आणि परत आणायची तारीखही सांगितली. ज्या जिन्यात लिफ्टच्या हप्त्यावरून तासन्तास भांडण चालतं, तिथे त्या दिवसांत एकाही विषयावर चर्चा झाली नाही.

पुढच्या मार्चमध्ये, २०२५ च्या फायासमध्ये, ते जेवण चौकाचौकांत मांडलेलं होतं. टेबल, ताटं, वाइन, घड्याळ. १९ तारखेला रात्री सगळं जळालं. लोक हसत होते आणि काही रडतही होते. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ते झाडलेले होते, आणि मंडळाच्या कार्यालयात पुढच्या वर्षीची बैठक लागली होती.

यंदाच्या मार्चमध्ये आमच्या गल्लीतल्या देखाव्याच्या वेळी अग्निशामक दलाने इमारतीच्या दर्शनी भिंतीवर पाण्याचा फवारा धरला होता. तरीही एक ठिणगी आजींच्या गॅलरीवरच्या हिरव्या कापडी छपरावर पडली आणि त्याला थाळीएवढं भोक पडलं. नियमाप्रमाणे इमारतीतली सगळी छपरं एकाच रंगाची हवीत. तो हिरवा आता बाजारात मिळत नाही. म्हणजे एक बदलायचं तर सगळीच बदलायला हवीत. म्हणजे देर्रामा. पैसे मंडळाने द्यावेत, विमा कंपनीने द्यावेत की इमारतीने, यावर तीन मतं आहेत, आणि तळमजल्याला गॅलरीच नसल्यामुळे न्हाव्याचं चौथं.

नोटीस जिन्यात लागली आहे. पहिली बैठक सात, दुसरी साडेसात. विषय दुसरा: छपरं. विषय तिसरा: नवीन अध्यक्ष, चौथा मजला. नवऱ्याने न्यायाधीशाला लिहायच्या अर्जाचा मसुदा तयार ठेवलाय. कारण म्हणून गुडघा लिहावा की भाषा, यावर घरात एकमत होत नाही. आणि अर्ज भाषेमुळे करायचा, तर तो इतक्या चांगल्या स्पॅनिशमध्ये लिहू नकोस, असं मी त्याला सांगून ठेवलंय.